जुळारी

आक्राच्या सरकारी छापखान्यात
तावीया ओक्पोटी खिळे जुळवायचा.
मी चौदाचा, शाईचे रूळ पुसणारा.
तो म्हणायचा, आधी उलटं वाचायला शीक,
सरकारचं खरं तिकडूनच कळतं.

अठ्ठेचाळीसचा फेब्रुवारी. वाळवंटावरचा वारा
अजून उतरला नव्हता.
खिळ्यांच्या खणांत तांबूस धूळ साचायची,
फुंकर मारल्याशिवाय अक्षर हाती लागत नसे.
महिनाभर बाजारात कुणी विलायती कापडाला हात लावला नव्हता.
त्याची बायको कोर्कोर विटलेलं वस्त्र
आतली बाजू बाहेर करून नेसायची.
तुझ्या खिळ्यांसारखी झालेय, म्हणायची,
आणि गालातल्या गालात हसायची.

मग तो शनिवार.
ब्रह्मदेशाच्या जंगलातून जिवंत परतलेले शिपाई
अर्ज घेऊन किल्ल्याकडे निघाले.
अर्जात काय होतं? पेन्शन. काम.
गोऱ्या साहेबासाठी मेलो असतो तर
पुसलंही नसतं, निदान जगलो त्याचं तरी बघा.
चौरस्त्यावर गोळ्या सुटल्या.

कोर्कोरचा भाऊ ओब्लीतेई त्यांच्यात होता.
तो पडला नाही.
घरी आला, ओट्यावर दोन बूट ठेवले
आणि त्यांच्याकडे बघत बसला.
त्यातला एक त्याचा नव्हता.

संध्याकाळी दुकानं जळत होती,
समुद्रावरून आलेला वारा धूर घेऊन परत फिरत होता,
आणि आमच्याकडे मजकूर आला: संचारबंदी.
तावीयानं चाळीस मिनिटांत जुळवली.
वर मुकुटाचा ठसा, खाली हुकुमावरून.
मी विचारलं, हे आपण का छापायचं?
तो म्हणाला, नाही छापलं तर लोकांना कळणार कसं,
किती वाजल्यानंतर बाहेर पडलं की मरायचं.

पुढची नऊ वर्षं मी शाईच्या वासावरून ओळखतो.
चौकशीचे अहवाल, जाड, कुणी न वाचलेले.
मनाई हुकूम. अटकेच्या याद्या.
पहिल्या मतपत्रिका, ज्यांच्यावर अंगठ्याएवढी चित्रं होती,
त्या वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून
आम्ही वाकून वाकून चालायचो, देवळात शिरल्यासारखे.
आणि एके दिवशी मंत्र्यांची यादी.
तावीया खदखदून हसला:
अरे, ही नावं मी जुळवलेली आहेत की!
तुरुंगाची बांधून ठेवलेली जुळणी त्यानं फळीवरून काढली,
वरचा मथळा तेवढा बदलला.

मध्यरात्री झेंडा उतरला, दुसरा चढला.
मैदानात मी कुणाच्या तरी खांद्यावर होतो,
माझ्या खांद्यावर कुणीतरी होतं.
ओब्लीतेई रडत होता, अनवाणी.
सकाळी कामावर आलो तर तावीयानं
मुकुटाचा ठसा रॉकेलनं धुऊन पुसून
खणात ठेवला होता, पालथा.
टाकला का नाहीस? म्हटलं.
जस्त महाग आहे, म्हणाला.

वर्ष-दीड वर्षानं आणखी एक यादी आली.
खटल्याशिवाय स्थानबद्ध करायच्या लोकांची.
आता आपलाच ठसा, आपलीच सही,
कागदही पूर्वीपेक्षा बरा.
कारण फक्त एकच, सगळ्यांना मिळून: राज्याची सुरक्षितता.
तावीया जुळवत गेला. टिक, टिक, टिक.
सतराव्या नावाशी हात थांबला.
दारातून उजेडाची पट्टी आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती.
मग पुन्हा, टिक.

तोवर मी मुद्रितं तपासायला लागलो होतो.
ओला कागद समोर आला.
सतरावं नाव:
ओब्लीतेईच्या आडनावात एक अक्षर भलतंच,
असा माणूस साऱ्या आक्रात कुठे सापडला नसता.
मी सुलटं वाचलं. आरशात धरून उलटं वाचलं.
तीस वर्षांत तावीयाच्या हातून
एकही खिळा चुकला नव्हता.

तो खिडकीशी उभा राहून
केंकीचं पान सोडत होता, माझ्याकडे पाठ करून.
मी समासात खूण केली नाही.
खाली लिहिलं, बरोबर,
आणि तारीख घातली.